प्रेक्षागारातील पंथद्वेष : ग्लासगो आणि बेलफास्टच्या फुटबॉलचा इतिहास

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात रेंजर्स आणि सेल्टिक या दोन फुटबॉल क्लबांचा सामना असतो, तेव्हा प्रेक्षागारातून उठणाऱ्या अनेक गाण्यांचा आणि घोषणांचा मैदानात चाललेल्या खेळाशी काहीच संबंध नसतो. एका बाजूने १६९० सालच्या लढाईचा जयघोष होतो, तर दुसऱ्या बाजूने विसाव्या शतकातील आयरिश सशस्त्र बंडखोरांचा गौरव होतो. आणि दोहींकडची मर्यादा सुटली की, समोरच्या समाजाने ज्या मृत्यूंचा शोक केला, नेमके तेच मृत्यू टवाळीचा विषय होतात. प्रतिस्पर्ध्याला त्याच्या खेळावरून न हिणवता त्याच्या पाठीराख्यांच्या धर्मपंथावरून, वंशावरून आणि त्यांच्या पूर्वजांनी सोसलेल्या किंवा केलेल्या हिंसेवरून डिवचण्याच्या या प्रकाराला ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये पंथीय घोषणाबाजी म्हटले जाते. तिचे स्पष्टीकरण बहुधा एका वाक्यात उरकले जाते, ते असे की कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांचे वैर जुने आहे आणि फुटबॉलने ते केवळ उचलून घेतले. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. सतराव्या शतकातील वैर आपोआप विसाव्या शतकात उतरले नाही. नोकरी, घर, शाळा यांवरून झालेल्या भांडणांनी आणि पुढे बंदुका व बॉम्ब यांनी प्रत्येक पिढीत ते नव्याने पेटवले, आणि ज्यांना ते विझवणे शक्य होते अशा संस्थांनी, क्लब त्यांत सर्वांत पुढे होते, दीर्घकाळ हात बांधून घेतले.

या कथेच्या मुळाशी एक अरुंद समुद्र आहे. स्कॉटलंडचा नैर्ऋत्य किनारा आणि आयर्लंडचा ईशान्य किनारा यांच्यामधील खाडी सर्वांत चिंचोळ्या ठिकाणी जेमतेम २० किलोमीटर रुंद आहे, त्यामुळे माणसे, मजुरी, धर्ममते आणि भांडणे यांची ये-जा तेथे शतकानुशतके चालू राहिली. इंग्लंडच्या राजसत्तेने १६०९ पासून आयर्लंडच्या अल्स्टर या उत्तरेकडील प्रांतात कॅथलिक आयरिशांच्या जमिनी काढून घेऊन तेथे प्रॉटेस्टंट वसाहती उभारल्या, आणि या वसाहतींत मोठा भरणा स्कॉटलंडमधून गेलेल्या प्रेस्बिटेरियनांचा, म्हणजे बिशपांची सत्ता न मानणाऱ्या प्रॉटेस्टंट पंथीयांचा होता. पुढे छत्रपती राजाराम महाराज जिंजीच्या किल्ल्यातून मराठ्यांचे राज्य राखत होते त्याच काळात, १६९० च्या जुलैमध्ये, आयर्लंडमधील बॉइन नदीच्या काठी प्रॉटेस्टंट राजा विल्यम ऑफ ऑरेंज याने पदच्युत कॅथलिक राजा दुसरा जेम्स याचा पराभव केला. या विजयाची स्मृती जपण्यासाठी आणि प्रॉटेस्टंट वर्चस्व टिकवण्यासाठी १७९५ मध्ये आर्मा परगण्यात ऑरेंज ऑर्डर ही संघटना स्थापन झाली. तिच्या शाखा लवकरच स्कॉटलंडमध्येही पसरल्या आणि १२ जुलैच्या सुमारास निघणाऱ्या तिच्या ढोल-बासरीच्या मिरवणुका दोन्ही किनाऱ्यांवर दरवर्षीच्या होऊन बसल्या. पुढे फुटबॉलच्या मैदानावर पोहोचलेल्या अनेक चाली प्रथम याच मिरवणुकांत वाजल्या होत्या.

दुसरी बाजू मात्र विजयातून नव्हे, उपासमारीतून घडली. १८४५ मध्ये आयर्लंडच्या बटाट्यावर करपा पडला, आणि ज्या गरीब कुळांचे जवळजवळ सगळे अन्न बटाटाच होते त्यांच्यावर मृत्यूचे सावट आले. रोगाने पीक गेले हे खरे, परंतु त्याच काळात देशातून धान्य आणि गुरे निर्यात होत राहिली, भाडे थकले म्हणून जमीनदारांनी कुळांना घरांतून बाहेर काढले, आणि लंडनच्या सरकारने बाजारात ढवळाढवळ करायची नाही या अर्थशास्त्रीय हट्टापायी मदतीचा हात आखडता घेतला. १८५२ पर्यंत सुमारे १० लाख माणसे भूक आणि रोगराईने मेली, आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. ज्यांच्याकडे अमेरिकेचे भाडे नव्हते अशा पुष्कळांनी खाडी ओलांडून ग्लासगो गाठले, आणि १८५१ च्या जनगणनेत त्या शहरातील १०० पैकी सुमारे १८ रहिवासी आयर्लंडमध्ये जन्मलेले होते. शहराच्या पूर्वेकडील कोंदट चाळवजा इमारतींत राहणारे, गोदीत, खाणीत आणि बांधकामावर मिळेल त्या मजुरीवर राबणारे हे लोक स्थानिक प्रॉटेस्टंट कामगाराच्या दृष्टीने एकाच वेळी परधर्मी, परके आणि मजुरीचे दर पाडणारे होते. पुढील शंभर वर्षांचा द्वेष समजून घ्यायचा असेल, तर धर्मशास्त्रातील मतभेदांपेक्षा या तिसऱ्या गोष्टीकडे अधिक लक्ष दिले पाहिजे.

सेल्टिक क्लबचा जन्म याच वस्तीतला. नोव्हेंबर १८८७ मध्ये कॅल्टन भागातील सेंट मेरीज चर्चच्या सभागृहात ब्रदर वॉलफ्रिड या मारिस्ट पंथीय शिक्षकाच्या पुढाकाराने त्याची स्थापना झाली. आयर्लंडच्या स्लायगो परगण्यातून आलेला हा माणूस लहानपणी दुष्काळाच्या काळातच वाढला होता, आणि फुटबॉलच्या सामन्यांतून पैसा उभारून धर्मग्रामातील भुकेल्या मुलांना जेवण द्यावे, हा त्याचा हेतू होता. एडिंबरो शहरातील आयरिश कॅथलिकांनी १८७५ मध्ये स्थापन केलेला हायबर्नियन हा क्लब त्याच्यासमोर आदर्श म्हणून होता. २८ मे १८८८ रोजी सेल्टिकने आपला पहिला सामना खेळला तो रेंजर्सविरुद्धच, आणि ५-२ असा जिंकला. हा सामना स्नेहाचा होता, आणि त्या वेळी या दोन क्लबांत वैराचे कारणही नव्हते. क्लाइड नदीवर नावा वल्हवणाऱ्या काही तरुणांनी १८७२ मध्ये हौसेने सुरू केलेल्या रेंजर्स क्लबला आरंभी कोणताही पंथीय रंग नव्हता, ही गोष्ट आज दोन्हीकडचे पाठीराखे विसरतात.

दहा वर्षांच्या आतच चित्र पालटू लागले. सेल्टिक १८९७ मध्ये मर्यादित कंपनी झाली, भुकेल्या मुलांसाठी जाणारा पैसा आटला, आणि दोन्ही क्लबांच्या ध्यानात आले की परस्परांतील चुरस हे गर्दी खेचण्याचे हुकमी साधन आहे. ‘ओल्ड फर्म’, म्हणजे जुनी पेढी, हे या जोडीला मिळालेले नाव १९०४ मधील एका व्यंगचित्रातून आले असे सांगतात. उगम कोणताही असो, या स्पर्धेतून दोघांचाही धंदा चालतो हे लोकांनी ओळखले होते. १९०९ च्या स्कॉटिश चषकाच्या अंतिम लढतीत याची एक विलक्षण साक्ष मिळाली. दुसऱ्यांदा खेळवलेला सामनाही बरोबरीत सुटला, जादा वेळ खेळवला जाणार नाही हे कळताच, निकाल मुद्दाम लांबवून पुन्हा तिकिटे विकण्याचा हा डाव आहे अशा समजुतीने लोक हॅम्पडेन पार्कच्या मैदानात उतरले, गोलपोस्ट उपटले, आगी लावल्या आणि पोलिसांशी तासन्‌तास झुंजले. या दंगलीत रेंजर्सचे आणि सेल्टिकचे लोक एकमेकांविरुद्ध नव्हे, तर खांद्याला खांदा लावून लढले, आणि त्या वर्षी चषक कोणालाच दिला गेला नाही.

त्यानंतरच्या अवघ्या दहा-बारा वर्षांत ही एकजूट अशक्य वाटावी इतके वातावरण बिघडले, आणि त्याची कारणे मैदानाबाहेर सापडतात. १९१२ मध्ये बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फ या जहाजबांधणी कंपनीने रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानाजवळील गोव्हन भागात कारखाना घेतला आणि अल्स्टरहून अनेक प्रॉटेस्टंट कामगार आले. त्याच वर्षी, आयर्लंडला अंतर्गत स्वराज्य देण्याच्या प्रस्तावाविरुद्ध अल्स्टरमध्ये लाखो प्रॉटेस्टंटांनी प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या. मग डब्लिनमधील १९१६ चा उठाव, १९१९ पासूनचे आयरिश स्वातंत्र्ययुद्ध आणि १९२१ ची फाळणी यांनी प्रत्येक आयरिश कॅथलिक मजुराला राजद्रोही ठरवण्याची सोय करून दिली. स्कॉटलंडमध्ये १९१८ च्या कायद्याने कॅथलिक शाळा सरकारी खर्चाने चालू लागल्या, तेव्हा आपल्या करातून रोमच्या धर्मपीठाला पोसले जाते अशी ओरड झाली. आणि १९२३ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंड या देशातील प्रमुख प्रॉटेस्टंट चर्चच्या समितीने आयरिश वंशापासून स्कॉटिश राष्ट्रीयत्वाला धोका असल्याचा अहवालच मांडला. हा अहवाल म्हणजे रस्त्यावरच्या शिवीला व्यासपीठावर दिलेली मान्यता होती, आणि त्याबद्दल त्या चर्चने खेद व्यक्त केला तो २००२ मध्ये.

या काळात रेंजर्सने उघडपणे कोठेही न लिहिलेला, परंतु काटेकोरपणे पाळलेला एक नियम अंगीकारला : जाणूनबुजून कॅथलिक खेळाडू घ्यायचा नाही. कारखान्यात मुकादम जसा उमेदवाराच्या शाळेचे नाव विचारून त्याचा पंथ ओळखत असे आणि कॅथलिक शाळेचे नाव ऐकताच काम नाकारत असे, तसाच हा प्रकार होता. सेल्टिकची ओळख आयरिश आणि कॅथलिक असली तरी त्या क्लबने प्रॉटेस्टंट खेळाडूंना दार कधी बंद केले नाही. त्याला १९६७ मध्ये युरोपीय चषक मिळवून देणारा प्रशिक्षक जॉक स्टीन हाच प्रॉटेस्टंट होता. दोन्ही बाजू सारख्याच दोषी म्हणण्याची जी रीत पडली आहे, ती प्रेक्षागाराच्या बाबतीत काही अंशी मान्य करता येईल, पण क्लबांच्या धोरणाच्या बाबतीत ती इतिहासाला धरून नाही.

१९२० आणि १९३० च्या दशकांत जहाजबांधणी मंदावली, बेकारी वाढली, आणि शहराच्या पूर्व भागात वस्तरे घेऊन फिरणाऱ्या टोळ्या माजल्या. त्यांपैकी ब्रिजटन भागातील बिली फुलर्टन याच्या प्रॉटेस्टंट टोळीचे गाणे, जे अमेरिकेच्या यादवी युद्धातील एका कवायती गीताच्या चालीवर बांधलेले होते, रेंजर्सच्या प्रेक्षागारात शिरले आणि अनेक दशके तेथेच राहिले. त्यात कॅथलिकांच्या रक्तपाताची फुशारकी आहे, आणि त्यांच्यासाठी ‘फिनियन’ ही संज्ञा आहे. एकोणिसाव्या शतकातील आयरिश क्रांतिकारकांना उद्देशून असलेली ही संज्ञा ग्लासगोत सरसकट सर्व कॅथलिकांसाठी शिवीसारखी वापरली जाऊ लागली. बॉइनच्या लढाईशी नाते सांगणाऱ्या या गाण्याचा खरा जन्म त्या काळच्या बेकार तरुणांच्या गल्लीतला आहे, हे लक्षात घेतले म्हणजे जुन्या वैराच्या अखंड परंपरेची कल्पना किती ठिसूळ आहे ते कळते.

याच वातावरणात ५ सप्टेंबर १९३१ चा सामना झाला. आयब्रॉक्सवर सुमारे ८० हजार लोक जमले होते. दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला रेंजर्सचा आघाडीचा खेळाडू सॅम इंग्लिश चेंडू घेऊन गोलकडे धावला, सेल्टिकचा २२ वर्षांचा गोलरक्षक जॉन थॉमसन त्याच्या पायांशी झेपावला, आणि इंग्लिशचा गुडघा त्याच्या डोक्यावर आदळला. थॉमसन उठला नाही. गोलमागच्या रेंजर्सच्या गर्दीतून आरोळ्या आणि जल्लोष सुरू झाला, तेव्हा रेंजर्सचा कर्णधार डेव्ही मिकलजॉन त्या दिशेने गेला आणि दोन्ही हात उंचावून त्याने आपल्याच लोकांना गप्प केले. रात्री इस्पितळात थॉमसनचा मृत्यू झाला. फाइफ परगण्यातील कार्डेनडेन या त्याच्या खाणकामगारांच्या गावी अंत्ययात्रेला हजारो लोक जमले, आणि काम नसलेल्या, गाडीभाडे परवडत नसलेल्या अनेकांनी ग्लासगोपासूनचे अंतर पायी कापले. आयरिश कॅथलिकांनी ज्याच्यासाठी अश्रू ढाळले तो थॉमसन स्वतः प्रॉटेस्टंट होता. सॅम इंग्लिश चौकशीत पूर्णपणे निर्दोष ठरला, तरीही प्रेक्षागारांनी त्याला खुनी म्हणणे सोडले नाही. दुसऱ्याच वर्षी त्याने ग्लासगो सोडले आणि १९३८ मध्ये खेळ थांबवला. मिकलजॉनचे ते उंचावलेले हात या साऱ्या इतिहासात फार महत्त्वाचे आहेत, कारण आपल्याच माणसांना, आपल्याच मैदानावर, त्याच क्षणी थांबवण्याचे धैर्य पुढील अनेक दशकांत क्लबांच्या अधिकाऱ्यांनी क्वचितच दाखवले.

खाडीच्या पलीकडे बेलफास्टमध्ये हीच वृत्ती एका संपूर्ण क्लबच्या मुळावर आली. बेलफास्ट सेल्टिक हा १८९१ मध्ये स्थापन झालेला क्लब शहरातील कॅथलिकांचा अभिमान होता, तरी त्याच्या संघात प्रॉटेस्टंट खेळाडूही असत. २७ डिसेंबर १९४८ रोजी विंडसर पार्कवर लिनफील्ड या प्रॉटेस्टंट पाठीराख्यांच्या क्लबशी त्याचा सामना झाला. बेलफास्ट सेल्टिकचा आघाडीचा तरुण खेळाडू जिमी जोन्स याच्याशी टक्कर होऊन लिनफील्डचा एक खेळाडू जखमी झाला, आणि मध्यंतरात त्या दुखापतीची माहिती ध्वनिक्षेपकावरून जाहीर करण्यात आली. तापलेल्या गर्दीला यापेक्षा अधिक काही नको होते. शेवटची शिट्टी वाजताच लोक मैदानात घुसले, त्यांनी जोन्सला गाठून बेदम मारले आणि त्याचा पाय मोडला. जोन्सही प्रॉटेस्टंटच होता. त्या मोसमाच्या अखेरीस, १९४९ मध्ये, बेलफास्ट सेल्टिकने लीगमधून अंग काढून घेतले आणि पुन्हा कधीही लीगमध्ये पाऊल ठेवले नाही. आता त्याच्या मैदानाच्या जागी खरेदीचे संकुल आहे. डेरी शहरातील डेरी सिटी क्लबही १९७२ मध्ये उत्तर आयर्लंडच्या लीगमधून बाहेर पडला आणि १९८५ पासून सीमेपलीकडील आयर्लंड प्रजासत्ताकाच्या लीगमध्ये खेळू लागला.

ग्लासगोच्या क्लबांना मात्र परस्परांची गरज होती, आणि ती वेळोवेळी दिसत राहिली. १९५२ मध्ये सामन्यातील दंगलीनंतर स्कॉटिश फुटबॉलच्या अधिकाऱ्यांनी सेल्टिकला मैदानावरील आयरिश तिरंगा उतरवण्यास सांगितले, सेल्टिकने नकार दिला, आणि त्या वादात सेल्टिकच्या बाजूने उभा राहिला तो रेंजर्स क्लब; सेल्टिक बाहेर गेल्यास आपल्या तिजोरीचे काय होईल याचा हिशेब त्यामागे होता. २ जानेवारी १९७१ रोजी आयब्रॉक्सच्या एका जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन ६६ माणसे मेली, तेव्हा मात्र हिशेब बाजूला राहिला. त्याच महिन्यात मृतांच्या कुटुंबीयांच्या मदतीसाठी दोन्ही क्लबांच्या खेळाडूंचा एकत्र संघ स्कॉटलंडच्या संघाविरुद्ध खेळला आणि तो पाहण्यास ८० हजारांहून अधिक लोक आले.

तोवर उत्तर आयर्लंड पेटले होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेला आणि ‘ट्रबल्स’ या सौम्य नावाने ओळखला जाणारा हा संघर्ष तीस वर्षे चालला. एका बाजूला संयुक्त आयर्लंडसाठी लढणारी आयरिश रिपब्लिकन आर्मी, म्हणजे आयआरए, दुसऱ्या बाजूला ब्रिटिश राजसत्तेशी निष्ठा सांगणारे प्रॉटेस्टंट सशस्त्र गट, आणि मध्ये ब्रिटिश सैन्य व पोलीस अशा या संघर्षात सुमारे ३५०० लोक मारले गेले, त्यांत निम्म्याहून अधिक सामान्य नागरिक होते. शनिवारच्या सामन्यासाठी बेलफास्टहून बोटीने येणाऱ्या पाठीराख्यांबरोबर ताज्या हिंसेचे संदर्भ ग्लासगोत पोहोचू लागले. स्कॉटलंडमध्ये याच काळात नोकरीतील भेदभाव कमी होत होता आणि दोन्ही पंथांत लग्ने वाढत होती, तरी प्रेक्षागारातील गाणी मात्र अधिक रक्तलांछित होत गेली. समाज पुढे सरकत असताना गाणी मागे का राहिली, या प्रश्नाचे उत्तर येथे आहे : ती आता ग्लासगोच्या जीवनातून येत नव्हती, दुसऱ्याच्या घरातील दुःख तेथे उसने आणून गायले जात होते.

रेंजर्सचा अलिखित नियम १० जुलै १९८९ रोजी मोडला, जेव्हा प्रशिक्षक ग्रॅम सूनेस याने सेल्टिककडून खेळलेला कॅथलिक खेळाडू मो जॉन्स्टन याला करारबद्ध केले. काही पाठीराख्यांनी क्लबचे स्कार्फ जाळले, तर सेल्टिकच्या लोकांनी जॉन्स्टनला गद्दार ठरवले. परंतु गोल होऊ लागल्यावर आयब्रॉक्सचा विरोध मावळला. अनेक दशके अशक्य म्हणून सांगितली गेलेली गोष्ट एका सहीने झाली, यावरून ती इतकी वर्षे केवळ इच्छेअभावी अडली होती हे सिद्ध होते.

या इतिहासातील सर्वांत काळी संध्याकाळ बेलफास्टची आहे, आणि तिची पार्श्वभूमी आधीच्या काही आठवड्यांतील आहे. २३ ऑक्टोबर १९९३ रोजी शँकिल रोड या प्रॉटेस्टंट वस्तीतील मासळीच्या दुकानात आयआरएने ठेवलेला बॉम्ब वेळेआधी फुटला आणि ९ नागरिक व बॉम्ब आणणाऱ्या दोघांपैकी एक जण ठार झाला. आठवड्याभराने, ३० ऑक्टोबरला, ग्रेस्टील गावात हॅलोवीन या सणानिमित्त जमलेल्या लोकांवर प्रॉटेस्टंट बंदूकधाऱ्यांनी गोळीबार केला. मुले घरोघरी जाऊन खाऊ मागताना जे शब्द म्हणतात तेच शब्द उच्चारून त्यांनी गोळ्या झाडल्या, आणि त्यात ८ जणांचा जीव गेला. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १७ नोव्हेंबरला, विंडसर पार्कवर उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक यांची विश्वचषक पात्रतेची लढत होती. त्या रात्री प्रेक्षागाराच्या काही भागांतून पाहुण्या खेळाडूंना उद्देशून ग्रेस्टीलच्या मारेकऱ्यांचे तेच शब्द घोषणेसारखे उठले. कबरींवरची माती अजून सुकली नव्हती. सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि प्रजासत्ताकाचा संघ विश्वचषकासाठी पात्र ठरला. पण त्या विश्वचषकातील त्यांच्या पहिल्या विजयाच्या दिवशीच, १८ जून १९९४ रोजी, इटलीविरुद्धचा सामना दूरचित्रवाणीवर पाहत बसलेल्या लॉकिनआयलंड या खेड्यातील मद्यगृहात प्रॉटेस्टंट बंदूकधारी शिरले आणि त्यांनी ६ जणांना ठार केले. बरोबर १८ वर्षांनी, युरोपीय स्पर्धेत पुन्हा इटलीशीच सामना आला, तेव्हा आयर्लंडचे खेळाडू त्या सहा जणांसाठी दंडावर काळ्या फिती बांधून उतरले. याच मैदानी परंपरेत स्मरणाचा हाही मार्ग उपलब्ध होता, हे विसरता कामा नये.

उत्तर आयर्लंडमधील संघर्ष मिटवण्यासाठी झालेल्या १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने बंदुका बहुतांशी थांबल्या, परंतु घोषणा थांबल्या नाहीत, आणि त्या केवळ शब्द आहेत हा बचाव किती पोकळ आहे हे पुन्हा पुन्हा दिसले. १९९५ मध्येच ग्लासगोच्या ब्रिजटन भागात सेल्टिकच्या मैदानावरून घरी निघालेल्या १६ वर्षांच्या एका मुलाचा, काहीही भांडण नसताना, गळा चिरण्यात आला होता. त्याच्या एका मैत्रिणीने पुढे ‘निल बाय माउथ’ ही पंथद्वेषाविरुद्ध काम करणारी संस्था उभी केली. १९९९ मध्ये नामांकित वकील आणि रेंजर्सचे उपाध्यक्ष डोनाल्ड फिंडले हे चषकविजयाच्या मेजवानीत पंथीय गाणी गाताना चित्रित झाले आणि त्यांना पद सोडावे लागले. त्याच वर्षी संगीतकार जेम्स मॅकमिलन यांनी एडिंबरोतील व्याख्यानात कॅथलिकद्वेष हा स्कॉटलंडचा झाकलेला कलंक असल्याचे सांगितले, तेव्हा पुष्कळांना राग आला. पण प्रतिष्ठितांच्या मेजवानीतही तीच गाणी चालतात हे नुकतेच उघड झाले असल्यामुळे त्यांचे म्हणणे झटकून टाकणे सोपे राहिले नाही.

नील लेनन या खेळाडूच्या वाट्याला आलेला छळ या काळाचे सार सांगतो. उत्तर आयर्लंडमधील लर्गन गावचा हा कॅथलिक खेळाडू आपल्या देशाच्या संघातून अनेक सामने निर्वेधपणे खेळला होता, परंतु २००० च्या अखेरीस तो सेल्टिकमध्ये दाखल झाला आणि विंडसर पार्कवर त्याच्याच देशाचे लोक त्याची हुर्यो करू लागले. ऑगस्ट २००२ मध्ये सायप्रसविरुद्ध तो प्रथमच कर्णधारपद भूषवणार होता, त्या दिवशी त्याला ठार मारण्याची धमकी आली आणि त्याने आंतरराष्ट्रीय फुटबॉल सोडले. तो सेल्टिकचा प्रशिक्षक झाल्यावर २०११ मध्ये त्याच्या नावे पार्सल बॉम्ब पाठवण्यात आले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात एडिंबरोतील सामन्यात एका प्रेक्षकाने मैदानात धावून येऊन त्याच्यावर हल्ला केला.

त्या वर्षीच्या घटनांनी हादरलेल्या स्कॉटिश सरकारने घाईघाईने कायदा केला. फुटबॉलच्या संदर्भातील आक्षेपार्ह वर्तन हा स्वतंत्र गुन्हा ठरवणारा हा कायदा डिसेंबर २०११ मध्ये केवळ सत्ताधारी पक्षाच्या बळावर ६४ विरुद्ध ५७ मतांनी संमत झाला आणि मार्च २०१२ पासून लागू झाला. समंजस माणसाला जे आक्षेपार्ह वाटण्याचा संभव आहे ते वर्तन गुन्हा, अशी त्याची व्यापक कसोटी होती, त्यामुळे द्वेष कोठे संपतो आणि राजकीय मत कोठे सुरू होते याची सीमा न्यायालयांना आखता येईना. दुष्काळ केव्हाच सरल्यामुळे आयरिश वंशाच्या स्कॉटिश नागरिकांनी आता चालते व्हावे असे सुचवणारे गाणे वंशद्वेषी आहे, असा निवाडा अपील न्यायालयाने २००९ मध्ये जुन्याच कायद्याखाली दिला होता. नव्या कायद्याची निकड त्यावरूनच संशयास्पद ठरत होती. दोन्ही क्लबांच्या पाठीराख्यांनी, १९०९ नंतर बहुधा प्रथमच, एका आवाजात विरोध केला, आणि १५ मार्च २०१८ रोजी संसदेने ६२ विरुद्ध ६० मतांनी कायदा रद्द केला. द्वेषाची घोषणा दंडनीय असावी यात शंका नाही, पण ज्या कायद्यात द्वेष आणि मतभेद यांतील फरक स्पष्ट नाही तो कायदा लोकांना सुधारत नाही, केवळ चिडवतो.

युरोपीय फुटबॉलची सर्वोच्च संघटना यूएफा हिने वेगळी वाट धरली. २००६ मध्ये रेंजर्सच्या पाठीराख्यांच्या गाण्यांबद्दलची तक्रार तिच्या शिस्तपालन समितीने सुरुवातीला, हा त्या देशातील जुना सामाजिक प्रश्न आहे अशा कारणाने फेटाळली, परंतु अपिलात निर्णय फिरला आणि क्लबला दंड झाला. २०११ मध्ये पुन्हा दंड झाला, आणि २०१९ मध्ये आयब्रॉक्सचा एक भाग युरोपीय सामन्यांसाठी बंद ठेवावा लागला. सेल्टिकलाही आयआरएच्या गौरवाच्या घोषणांसाठी २०११ मध्ये दंड भरावा लागला. सेल्टिकच्या बाजूने नेहमी असे सांगितले जाते की ही गाणी धर्माविरुद्ध नाहीत, ती साम्राज्याविरुद्धच्या लढ्याची आहेत. १९१६ च्या उठावाविषयीच्या गाण्यांबाबत हे मान्य करण्यासारखे आहे. परंतु ज्या संघटनेने १९८७ मध्ये एनिस्किलन येथे युद्धस्मारकापाशी जमलेल्या लोकांत बॉम्ब फोडून ११ जणांना मारले, तिच्या नावाचा जयजयकार त्या मृतांच्या मुलांना इतिहासाचे स्मरण म्हणून ऐकायला सांगणे हे क्रौर्य आहे.

११ ऑक्टोबर २०२२ रोजी हाच प्रश्न नव्या पिढीसमोर आला. हॅम्पडेन पार्कवर स्कॉटलंडला १-० असे हरवून आयर्लंडच्या महिला संघाने प्रथमच विश्वचषक गाठला. गोल करणाऱ्या अँबर बॅरेटने तो, चारच दिवसांपूर्वी डोनेगॉल परगण्यातील क्रिसलॉ येथे झालेल्या स्फोटात मरण पावलेल्या दहा जणांना अर्पण केला. त्याच रात्री विश्रामकक्षात खेळाडूंनी, सेल्टिकच्या शताब्दीसाठी रचलेले आणि आयआरएचा जयघोष असलेले गाणे म्हटले, आणि त्याचे चित्रण जगभर पोहोचले. खेळाडूंनी आणि प्रशिक्षक व्हेरा पाऊ यांनी माफी मागितली, यूएफाने आयर्लंडच्या फुटबॉल संघटनेला २० हजार युरो दंड केला. या खेळाडूंपैकी अनेक जणी १९९८ चा करार झाला तेव्हा लहान मुली होत्या किंवा जन्मल्याही नव्हत्या, आणि त्यांच्यापर्यंत ते गाणे पोहोचले ते केवळ एक उत्साहाचे गाणे म्हणून. त्यांना द्वेष्ट्या ठरवणे अन्यायाचे होईल. ज्यांनी त्या संघटनेच्या हिंसेत आप्त गमावले त्यांना ते ऐकून यातना झाल्या, हेही तितकेच खरे आहे.

सामाजिक अभ्यासक डंकन मॉरो यांच्या अध्यक्षतेखाली स्कॉटिश सरकारने नेमलेल्या सल्लागार गटाने २०१५ पर्यंतच्या आपल्या अहवालांत क्लबांच्या जबाबदारीवर बोट ठेवले, आणि इतर उपाय फसल्यास यूएफाच्या धर्तीवर, पाठीराख्यांच्या वर्तनासाठी क्लबला त्याचा स्वतःचा दोष असो वा नसो जबाबदार धरण्याचे तत्त्व स्वीकारावे असे सुचवले. स्कॉटलंडच्या क्लबांनी हे तत्त्व २०१३ मध्येच मतदानाने नाकारले होते. त्यामुळे एकच गाणे युरोपीय स्पर्धेच्या सामन्यात क्लबला दंडास पात्र ठरवत असे आणि तीन दिवसांनी देशांतर्गत सामन्यात तेच गाणे क्लबच्या खात्यावर काहीही न मांडता विरून जात असे. ज्या क्लबांनी शतकभर या वैरावर तिकिटे विकली आणि ज्यांच्यापैकी एकाने अनेक दशके धर्म पाहून खेळाडू निवडले, त्यांनी प्रेक्षागारातील मूठभर लोकांकडे बोट दाखवून स्वतःला निर्दोष म्हणवून घ्यावे, हे इतिहासाच्या पुराव्यापुढे टिकणारे नाही. पहिला दोष त्यांचाच आहे.